जैविक वयाचा रिपोर्ट काढण्याआधी

आरोग्य शिबिरांचे फलक आपल्याकडे बारमाही लागतात. उल्हासनगरचं गोल मैदान असो, अंबरनाथ स्टेशनचा परिसर असो की बदलापूरचं कात्रप, शुगर, बीपी, थायरॉइड यांची पॅकेजं सगळीकडे. त्यात आता मोबाईलवर एक नवी जाहिरात येऊ लागली आहे. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना द्या, तुमचं खरं वय, म्हणजे जैविक वय, सांगतो. आधारकार्डावर ५८ असेल आणि शरीर ६६ चं असेल, तर वेळीच कळलेलं बरं, असा युक्तिवाद. किंमत काही हजारांच्या घरात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मोह होतोच, म्हणून सल्ला आधीच देऊन टाकतो: हे पैसे खर्च करू नका. चाचणीमागचं शास्त्र खोटं नाही. ते खरं आहे आणि फार रंजक आहे. पण त्यातून आपल्या उपयोगाचं जे निघतं ते त्या रिपोर्टात नसतं, ते वेगळ्याच तपासण्यांत आणि रोजच्या डब्यात असतं.

शास्त्र थोडक्यात असं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, तरी यकृताची पेशी यकृताचं काम करते आणि मेंदूची मेंदूचं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक घरोघरी एकच, पण कुठल्या घरात कुठलं पान रोज उघडतं आणि कुठली पानं कधीच उघडत नाहीत, यावर त्या घरची चव ठरते, तसंच हे. डीएनएच्या ठरावीक जागांवर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटला की तिथलं जनुक बहुधा गप्प बसतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ती सैल झाली की जनुक बोलू लागतं. मूळ मजकूर न बदलता होणाऱ्या अशा बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात.

वय वाढतं तशी ही मांडणी विस्कटते. ज्या जागा बंद असायला हव्यात तिथले मिथाइल गट गळतात, ज्या उघड्या हव्यात तिथे नको तेवढे जमा होतात. २००५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या ४० जोड्या तपासल्या. तीन वर्षांच्या जुळ्यांमध्ये या खुणा जवळपास सारख्या होत्या, पन्नाशीच्या जुळ्यांमध्ये मात्र चांगलाच फरक पडला होता. २०१३ मध्ये संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागा निवडून त्यांवरून माणसाचं वय ओळखण्याचं गणित मांडलं, आणि ते थक्क करण्याइतकं जुळलं. जाहिरातीतली चाचणी याच घराण्यातली.

मग ती का घेऊ नये? हे गणित हजारो लोकांच्या गटाबद्दल बरंच काही सांगतं, एकट्या माणसाबद्दल फारसं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच नमुन्याची दोनदा तपासणी केली, तर प्रचलित एपिजेनेटिक घड्याळांत, म्हणजे वय ओळखणाऱ्या अशा गणितांत, कधी कधी नऊ वर्षांपर्यंत फरक पडला. पहिल्या खेपेला ६६ आणि दुसऱ्या खेपेला ५७ दाखवणारा काटा बघून कोण कसली पथ्यं पाळणार? शिवाय आकडा वाईट आला तरी डॉक्टर सांगणार तेच, जे आकड्याविनाही सांगितलं असतं. अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या प्रौढांनी दोन वर्षं आहार सुमारे १२ टक्क्यांनी कमी केला, तेव्हा म्हातारं होण्याचा वेग एका एपिजेनेटिक मापावर दोन-तीन टक्क्यांनी मंदावला. एवढा बारीक फरक पकडायला २२० माणसांचा काटेकोर प्रयोग लागला. घरपोच किटमध्ये तो सापडेल ही आशा सोडा.

आता उल्हासनगरकडे वळू. तिथल्या घराघरांत जनुकांचा विषय आधीपासूनच आहे, तो थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रूपाने. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या आणि १९४९ मध्ये ज्यांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं त्या सिंधी समाजात या आजाराचे वाहक तुलनेने जास्त आहेत. सिंधी कुटुंबांत बीटा ग्लोबिन या जनुकातली ६१९ अक्षरं गळाल्याचा दोष विशेष आढळतो. हा मूळ मजकुरातलाच दोष. पालेभाजीने, योगाने, कशानेही तो भरून निघत नाही. पण याच आजाराला एक एपिजेनेटिक बाजूही आहे. गर्भात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक हळूहळू गप्प होतं आणि प्रौढांचं जनुक काम हाती घेतं. म्हणून थॅलेसेमिया मेजरचं बाळ जन्मतः गुटगुटीत असतं आणि सहा महिन्यांनंतर फिकं पडू लागतं. गप्प झालेलं ते जुनं जनुक पुन्हा बोलतं करायचं, या कल्पनेवर बेतलेल्या उपचाराला ब्रिटनमध्ये २०२३ साली मान्यता मिळाली. तो सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल तेव्हा येईल. आज करण्यासारखं एवढंच: लग्नाच्या बोलणीआधी मुलगा-मुलगी दोघांचीही, वाहक ओळखणारी एचबीए-२ तपासणी. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक.

त्यातून निघणारी एक गोष्ट मधुमेहींनी कान देऊन ऐकावी. थॅलेसेमियाच्या वाहकात एचबीए-१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर चुकीची दिसू शकते. लोह किंवा बी-१२ कमी असलं तर तोच आकडा उगाच वर जातो. घरात थॅलेसेमिया असेल आणि उपाशीपोटीची साखर एक सांगत असेल, एचबीए-१सी दुसरंच, तर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा. गर्दीच्या ओपीडीत विचारायला त्यांना सवड असेलच असं नाही.

एपिजेनेटिक्सचा सगळ्यात मोलाचा धडा आपल्याला आपल्याच मातीतून मिळाला आहे, आणि तो म्हातारपणाबद्दल असूनही पाळण्याआधी सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण-एक किलो कमी. पण स्नायू कमी, पोट-हात बारीक आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. पुढे मध्यम वयात पोट सुटून साखर लागणाऱ्या आपल्या माणसाची ही पहिली आवृत्तीच म्हणायची. या मातांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र भरपूर. ही मुलं सहा वर्षांची असताना केलेल्या तपासणीतून २००८ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याने जगाचे कान टवकारले: ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त होती.

फोलेट आणि बी-१२ मिळूनच शरीरात मिथाइल गट तयार करून पुरवतात. गर्भाच्या पेशी कोणतं जनुक उघडं ठेवायचं हे ठरवत असतात त्याच काळात हा पुरवठा विस्कळीत असेल, तर त्याचे परिणाम चाळिशी-पन्नाशीला मधुमेह आणि हृदयविकाराच्या रूपाने दिसू शकतात. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर यांच्या गटाने ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला. त्या उंदरांत बी-१२ कमी होतं, इन्सुलिन जनुकाभोवतीच्या हिस्टोनवर बदल होते, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घालूनही दोष गेला नाही. आपली आजी दुष्काळात जगली आणि नातू पिझ्झा खातो, ही गोष्ट या उंदरांच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी.

मात्र इथेच थांबून एक सावधगिरी. फाळणीचं किंवा उपासमारीचं दुःख नातवंडांच्या जनुकांत उतरतं, असं हल्ली फार सहज म्हटलं जातं. निर्वासितांच्या गावात तर ते मनाला भिडतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर सहा दशकांनंतरही वेगळ्या खुणा सापडल्या, हे पक्कं आहे. पण ती माणसं स्वतः गर्भात त्या भुकेला सामोरी गेली होती. नातवंडांची गोष्ट वेगळी: गर्भधारणेनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जाऊन नव्याने लिहिल्या जातात. मानसिक आघाताच्या वारशाबद्दल ज्या अभ्यासाचा सारखा दाखला देतात, त्यात नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेली जेमतेम ३२ माणसं होती. तेव्हा आजी-आजोबांच्या हालअपेष्टांवर बोट ठेवून आपली साखर माफ करून घेऊ नये.

आपल्या हातात काय आहे, हे मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात झालेल्या एका प्रयोगातून दिसतं. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या बायकांना रोज एक खमंग खाऊ दिला जाई: काही जणींना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला, काही जणींना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. दोन्ही दिसायला नाक्यावरच्या गाडीवर मिळतो तसेच. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी पहिला खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, हे कबूल. पण ज्यांची तपासणी झाली त्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह कांदा-बटाट्याच्या गटात १२.४ टक्के होता, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. एवढा फरक औषधाच्या गोळीने पडला असता तर कंपनीने रस्ताभर फलक लावले असते.

म्हणून घरात लग्नाला आलेली मुलगी किंवा नवी सून असेल तर लक्ष आत्ता द्या, चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटण्याची वाट बघू नका. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. बी-१२ चा आकडा २०० पिकोग्रॅमखाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं. पायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, विनाकारण थकवा या तिच्या खुणा. दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड घ्यायचंच. बाळाच्या मणक्यातला दोष टाळायला ते लागतंच, वरचा अभ्यास वाचून ते बंद करायचं नाही. बी-१२ कमी असेल तर त्याच्या जोडीला तेही घ्यायचं, इतकंच. अंडी, मासे, मटण खाणाऱ्या घरात प्रश्न सोपा. शाकाहारी घरात दूध-दही हाच आधार, आणि चहात पडणारं चमचाभर दूध हिशेबात धरू नये. सिंधी घरातली साई भाजी, म्हणजे पालक, चुका, शेपू आणि चणाडाळ एकत्र शिजवलेली, फोलेटसाठी याहून चांगली पाककृती शोधून सापडायची नाही. सोबत वाटीभर दही घेतलं की बी-१२ ची बाजूही थोडी सावरते. बदलापूरला पावसाळ्यात बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसणाऱ्या बायका असतात. गाडी पकडायच्या घाईत त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

गरोदर बाईची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १४० किंवा त्याहून वर आकडा आला तर तो गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते आणि नेमकी तीच चुकते, कारण तोवर सगळं घर बाळाच्या बारशात गुंतलेलं.

चाळिशी ओलांडलेल्यांकडे येऊ. ज्यांना नुकतीच साखर लागली आहे त्यांच्यासाठी एपिजेनेटिक्सचा निरोप फार स्पष्ट आहे: पहिली वर्षं वाया घालवू नका. अमेरिकेत १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहींच्या दोन गटांवर प्रयोग झाला, एका गटात साखर काटेकोर ठेवली, दुसऱ्यात नेहमीसारखी. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर साधारण सारखी झाली, तरी पूर्वी ढिलाई झालेल्यांचे डोळे आणि मूत्रपिंडं पुढे अधिक बिघडत राहिली. त्यांच्या रक्तपेशींत जास्त साखरेच्या काळातल्या मिथाइल खुणा १६-१७ वर्षांनीही टिकून होत्या. ‘आधी कारलं-मेथीने बघतो, गोळी नंतर’ म्हणत काढलेली चार-पाच वर्षं शरीर विसरत नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा बी-१२ बघावं, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते घटू शकतं. पायाच्या मुंग्या दर वेळी साखरेच्याच असतात असं नाही.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही कमरेच्या घेराची मर्यादा.

तंबाखूबद्दल वेगळं काय सांगणार? एकच सांगतो, कारण ते आशादायक आहे. सुमारे १६ हजार लोकांच्या रक्ताचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या डीएनएवर हजारो ठिकाणी खुणा बदललेल्या होत्या, पण सोडल्यानंतर पाच वर्षांत त्यांपैकी बहुसंख्य पूर्ववत झाल्या. काही थोड्या तीस वर्षांनीही राहिल्या. साठाव्या वर्षी सोडून काय उपयोग, असं विचारणाऱ्याला हे उत्तर पुरे. मिसरी लावणाऱ्या आज्यांनाही सवय सोडवायची असते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन लावून द्या.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांनी थोडं अधिक सावध असावं. २००७ मध्ये इटलीत मिलानच्या पेट्रोल पंपांवरचे कामगार आणि वाहतूक पोलीस तपासले, तेव्हा हवेतल्या अगदी थोड्या बेंझिननेही त्यांच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा बदललेल्या दिसल्या, आणि त्यातले काही बदल रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या बदलांसारखे होते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे तर जुनंच ज्ञान. धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी दरवर्षी आरोग्य तपासणी हा कामगाराचा कायद्याने हक्क आहे. कंत्राटी असलात तरी विचारा आणि रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा. दरवर्षीच्या सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, कागद शेजारी शेजारी ठेवले की पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट हळूहळू घसरत असतील तर डोळ्यांना दिसतं. एकट्या कागदावर ते दिसत नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर ते नुसतं खिशात ठेवू नका, वापरा.

झोपेचं काय, असं बदलापूरकर विचारतीलच. दीड-पावणेदोन तास लोकलने जाणं आणि तेवढंच परतणं, रात्री साडेदहाला जेवण, पहाटे पुन्हा गाडी. त्यांना आठ तास झोपा सांगणं म्हणजे चेष्टा. पण जेवणाची वेळ सरकवता येते. संध्याकाळी सुटताना डब्यातली राखून ठेवलेली पोळी-भाजी खाल्ली आणि घरी वाटीभर वरणावर किंवा ताकावर भागवलं, तर झोपेच्या तोंडावरचं जड जेवण टळतं. विंडो सीट मिळाली की झोप काढणाऱ्यांना कोणी हसू नये.

डीएनएवरच्या मिथाइल खुणांची तपासणी खरंच उपयोगी ठरते अशी जागा म्हणजे कर्करोग. वयाबरोबर काही पेशींत कर्करोगाला आवर घालणारी जनुकंच मिथाइल चिकटून गप्प होतात. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा नावाच्या गाठीत एमजीएमटी या जनुकाची तपासणी करतात. ते गप्प असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त चांगलं लागू पडतं. मिथाइल खुणा काढणारं ॲझासिटिडीन हे औषध अस्थिमज्जेच्या काही आजारांत वापरलं जातं. घरच्या माणसासाठी डॉक्टरांनी अशी तपासणी लिहून दिली तर ती जैविक वयाच्या पंक्तीतली समजून टाळू नका.

बाकीच्यांनी कुठे जायचं? उल्हासनगरच्या कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा निःशुल्क आहेत, आणि तिशीपुढच्यांची बीपी-शुगरची तपासणी हा तर राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. रांग असते, खोटं कशाला सांगू. सकाळी लवकर जा, उपाशीपोटी जा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत न्या, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बी-१२ प्रत्येक ठिकाणी होईलच असं नाही. नाही झालं तर तेवढं एक बाहेर करा. जैविक वयाच्या किटच्या पैशांत ते घरातल्या सगळ्यांचं होईल.